विषाच्या कोठारातील अभयारण्य

१९४० सालच्या डिसेंबर महिन्यात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट नावाची कंपनी नोंदविली, तेव्हा युरोपात युद्धाचा वणवा पेटून सव्वा वर्ष झाले होते. वालचंदांचे नाव महाराष्ट्राला बोटींच्या आणि साखरेच्या कारखानदारीमुळे ठाऊक आहे. परंतु हिंदी माणसाने बांधलेले विमान हिंदी आकाशात उडावे ही त्यांची ईर्ष्या बंगळूरच्या माळावर फळास आली, ही गोष्ट पुष्कळदा विस्मरणात जाते. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तेथे जोडलेले पहिले शिकाऊ विमान उडाले. पुढे जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन थडकताच १९४२ साली सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला, आणि १९४३ मध्ये त्याचा कारभार अमेरिकी हवाई दलाकडे गेला. पूर्व आशियातील लढाईत जायबंदी झालेली विमाने दुरुस्तीसाठी बंगळूरला येऊ लागली.

त्यांत कॅटॅलिना जातीची विमाने होती. ही पाण्यावर उतरणारी विमाने. त्यांना उतरण्यासाठी कारखान्याजवळच बेल्लंदूर नावाचे विस्तीर्ण तळे होते. सुमारे नऊशे एकरांचे हे तळे पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी शेतीसाठी बांधलेल्या तळ्यांच्या साखळीतील एक. वरच्या तळ्याचे पाणी खालच्या तळ्यात, खालच्याचे त्याहून खालच्यात, अशी ती रचना. ज्या पाण्यावर हिवाळ्यात उत्तरेकडील बदके उतरत, त्याच पाण्यावर पॅसिफिक महासागरात पाणबुड्या हुडकणारी विमाने उतरू लागली. बदकांना याचे काय वाटले हे कोणी नोंदवून ठेवलेले नाही. युद्ध संपले, विमाने गेली, कारखाना भारत सरकारचा झाला, आणि तळे पुन्हा मासेमारांच्या व पाखरांच्या हवाली झाले.

इथपर्यंतची हकीकत गोड आहे. पुढे शहर वाढले. १९४० साली गावाबाहेर वाटणारा विमानकारखाना शहराच्या पोटात आला आणि लक्षावधी घरांचे सांडपाणी बेल्लंदूरच्या तळ्याकडे वाहू लागले. २०१५ पासून त्या तळ्याचा फेस रस्त्यावर येऊ लागल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. तळ्याला आग लागल्याच्याही बातम्या आल्या. पाण्याला आग लागते ही गोष्ट प्रथम कोणालाच खरी वाटली नाही. परंतु पृष्ठभागावर माजलेले आणि वाळलेले तण, त्याखाली कुजणाऱ्या घाणीतून सुटणारा ज्वलनशील वायू आणि भोवती टाकलेला कचरा एकत्र आला की आगीला आणखी काय हवे असते? २०१८ च्या जानेवारीत ती आग विझविण्यासाठी शेजारच्या छावणीतील जवानांना धाव घ्यावी लागली. ज्या तळ्याने युद्धकाळात सैन्याची सेवा केली, ते तळे शांततेच्या काळात सैन्याला वाचवावे लागले. आणि त्याला मारणारा शत्रूचा वायू नव्हता. आपल्याच न्हाणीघरांतील साबण होता.

युद्धसाहित्याचा कारखाना आणि वन्य जीव यांचा शेजार कसा असतो, हा प्रश्न म्हणूनच बंगळूरसारख्या नगरीला परका नाही. १८०९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टणाहून आपली छावणी येथे हलविली, तेव्हापासून हे शहर अर्धे लष्करी आहे. मागील महायुद्धात इटालियन युद्धकैदी येथे ठेवण्यात आले होते. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली जलाहळ्ळी येथे सैन्यासाठी विद्युत्-उपकरणे बनविणारा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना निघाला. या सगळ्या संस्थांच्या लांबलचक भिंतींआड पुष्कळ झाडी राहिली. शहरातील सामान्य माणूस त्या भिंतींकडे थोड्या रागानेच पाहतो, कारण त्यांना वळसा घालून त्याला कचेरीत जावे लागते. पण त्या भिंतींच्या माथ्यावर वर्षपर्जन्याच्या वृक्षांची छत्रे दिसतात, हेही तोच सांगतो.

भिंतीने प्राणी वाचतात काय? आणि भिंतीच्या आत जर विष असेल, तर? याचे उत्तर शोधण्यासाठी बंगळूरहून अर्धी पृथ्वी ओलांडून अमेरिकेतील कोलोराडो राज्यात जावे लागते. तेथील डेन्व्हर शहराच्या ईशान्येस, जेमतेम दहा मैलांवर, पंधरा हजार एकरांचे एक अभयारण्य आहे. बंगळूरचा लालबाग २४० एकरांचा मानला तर असे साठ लालबाग त्यात मावतील. त्याचे नाव मात्र अभयारण्याला शोभणारे नाही. ‘रॉकी माउंटन आर्सेनल’, म्हणजे रॉकी पर्वताचे शस्त्रागार!

पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर काही महिन्यांतच, १९४२ साली, अमेरिकेच्या सैन्याला विषारी वायू बनविण्यासाठी एक जागा हवी होती. ती दोन्ही समुद्रकिनाऱ्यांपासून दूर असावी, म्हणजे शत्रूची विमाने तेथवर पोहोचणार नाहीत. रेल्वे जवळ असावी. मजूर आणि पाणी मिळावे. डेन्व्हरलगतचा माळ या सर्व कसोट्यांना उतरला. त्या माळावर शेतकरी कुटुंबे राहत होती. उघड्या प्रेअरीवर घरे बांधून त्यांनी वाऱ्यापासून आडोसा म्हणून कॉटनवुडची झाडे लावली होती. त्यांना थोड्या मुदतीत घरदार सोडावे लागले. सतरा हजार एकर जमीन सरकारजमा झाली. सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन संपादन करण्याची भाषा सर्व देशांत सारखीच असते, आणि ज्याची जमीन जाते त्याचे मौनही.

तेथे मस्टर्ड वायू बनविण्यात आला. जपानी शहरांवर टाकलेले नेपामचे आगलावे बाँब तेथे भरले गेले. १९५० नंतरच्या शीतयुद्धाच्या काळात सारिन या मज्जातंतू पंगू करणाऱ्या विषाचा मोठा साठा तेथे तयार झाला. हे तेच सारिन, जे १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका माथेफिरू पंथाने सोडले आणि जगाला त्याचे नाव कळले. वायू बनविण्याचे काम पुढे थांबले. परंतु यंत्रे रिकामी ठेवणे परवडत नाही, असा विचार करून सैन्याने युद्ध संपताच कारखान्याचा काही भाग खासगी कंपन्यांना भाड्याने दिला होता. त्यांपैकी शेल कंपनीने १९५२ पासून १९८२ पर्यंत तेथे अल्ड्रिन, डायल्ड्रिन अशी कीटकनाशके बनविली. तलवारीचा नांगर झाला असे कोणाला वाटले असेल. वस्तुतः माणसाला मारणारे रसायन आणि किड्याला मारणारे रसायन ही एकाच आळीतील भावंडे होत.

या तीन-चार दशकांत निर्माण झालेले सांडपाणी कोठे गेले? प्रथम ते उघड्या, अस्तर नसलेल्या खड्ड्यांत सोडले जाई. ते जमिनीत मुरले, भूजलात उतरले आणि उत्तरेकडे सरकू लागले. १९५४ साली कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली की विहिरीचे पाणी दिल्यावर पिके करपतात. तेव्हा १९५६ मध्ये सैन्याने डांबराचे अस्तर घातलेला ९३ एकरांचा एक तलाव बांधला. राशेल कार्सन यांच्या १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या गाजलेल्या ग्रंथात या शस्त्रागाराच्या भूजलाचा प्रकार नमूद आहे. तलावही पुरेना, तेव्हा अभियंत्यांनी आणखी एक युक्ती काढली. बारा हजार फूट खोल विहीर खणून ते विषारी पाणी सरळ पाताळात ढकलावे, म्हणजे पुन्हा त्याचे तोंड पाहावयास नको!

१९६२ च्या मार्चमध्ये विहिरीत पाणी दाबण्यास सुरुवात झाली आणि एप्रिलमध्ये डेन्व्हर हादरले. ज्या शहराला भूकंपाची सवय नव्हती, त्याला पुढच्या काही वर्षांत शेकडो धक्के बसले. डेव्हिड इव्हान्स नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये विहिरीत किती पाणी दाबले आणि त्या महिन्यात किती धक्के बसले यांचे आलेख शेजारी शेजारी मांडून दाखविले, तेव्हा संबंध लपण्यासारखा राहिला नाही. १९६६ च्या फेब्रुवारीत पाणी सोडणे बंद झाले. परंतु खडकांच्या भेगांत शिरलेला पाण्याचा दाब हुकूम मानीत नाही. तो पसरतच राहिला, आणि सर्वांत मोठा धक्का विहीर बंद केल्यावर दीड वर्षाने, १९६७ च्या ऑगस्टमध्ये बसला.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना या सालाची वेगळी आठवण करून देण्याची गरज नाही. त्याच वर्षी, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनानगर हादरले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. शिवाजीसागर जलाशयातील पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेला त्याचा दाब यांचा त्या भूकंपाशी असलेला संबंध पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासिला. डेन्व्हरचे पाणी विषारी होते, कोयनेचे निर्मळ. एक लपविण्यासाठी खाली दाबले, दुसरे वीज काढण्यासाठी अडविले. भूगर्भाने हा हेतूंतील भेद जमेस धरला नाही.

आता या सर्व काळात त्या सतरा हजार एकरांत आणखी काय घडत होते ते पाहिले पाहिजे. विषारी वायूचा कारखाना भर वस्तीला खेटून ठेवीत नाहीत. मधोमध कारखाना, त्याच्या भोवती मैल-दोन मैल रिकामी जमीन, आणि मग कुंपण व पहारा, अशी त्याची रचना असते. प्रत्यक्ष घाण प्रामुख्याने मधल्या भागात साठली होती. भोवतालच्या कड्यात मात्र १९४२ पासून नांगर फिरला नाही, घर बांधले गेले नाही, बंदूक उडाली नाही. शेतकऱ्यांनी लावलेली झाडे वाढत राहिली. गवत परत आले. गवतामागून प्रेअरी डॉग नावाचा, नावाने कुत्रा पण जातीने खार असलेला, बिळे करून राहणारा प्राणी आला; त्याच्या रिकाम्या बिळांत राहणारी घुबडे आली; त्याला खाणारे कोल्हे आणि ससाणे आले. शहर जसजसे भोवती वाढत गेले, तसतसा तो माळ अधिकच एकटा व अधिकच गजबजलेला होत गेला.

ही रम्य कथा येथेच थांबविण्याचा मोह पुष्कळ लेखकांना होतो. पण त्या माळावर प्राणी मरतही होते. विषारी पाण्याच्या तळ्यांवर उतरलेली बदके मेलेली सापडत. डायल्ड्रिनचा गुण असा की ते पाण्यात विरत नाही, चरबीत साठते. खारीच्या शरीरात थोडे, ती खाणाऱ्या पक्ष्याच्या शरीरात त्याहून अधिक, असे ते वर चढत जाते. निसर्ग विषावर मात करतो, असा अर्थ या कथेतून कोणी काढू नये. कुंपणाने माणूस बाहेर ठेवला, एवढेच झाले. आणि माणूस बाहेर राहणे हे काही प्राण्यांच्या दृष्टीने विष आत असण्याहून अधिक मोलाचे ठरले. मनुष्यजातीच्या अभिमानाला ही गोष्ट फारशी सुखावह नाही.

१९७५ साली कोलोराडो राज्याच्या आरोग्यखात्याने सैन्याला व शेल कंपनीला विषारी पाणी बाहेर जाऊ देणे थांबविण्याचा आदेश दिला. एका राज्याच्या आरोग्यखात्याने देशाच्या सैन्याला असा लेखी आदेश द्यावा, ही गोष्ट शासनव्यवहार जाणणाऱ्यांच्या लक्षात भरण्यासारखी आहे. वाद न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे चालले. स्वच्छता कोणी करावयाची, खर्च कोणी सोसावयाचा, आणि किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, हे तीन प्रश्न होते. १९८७ मध्ये ही जागा देशातील अत्यंत दूषित स्थळांच्या यादीत घालण्यात आली.

त्याच सुमारास गरुड आले. १९८६ च्या हिवाळ्यात या माळावरील कॉटनवुडच्या झाडांवर बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, समूहाने रात्रीच्या वस्तीला येतात असे आढळले. हा पक्षी अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे, आणि त्या काळी तो नामशेष होण्याच्या वाटेवर असलेल्या प्राण्यांत मोडत असे. डी.डी.टी.सारख्या कीटकनाशकांमुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन पिल्ले निपजेनाशी झाली होती. कीटकनाशकांनी ज्याचा वंश खुंटविला, त्याने रात्रीचा आसरा कीटकनाशकांच्या कारखान्याच्या अंगणात शोधावा! कायद्याच्या दृष्टीने मात्र या योगायोगाचा परिणाम फार मोठा झाला. संरक्षित पक्षी सापडताच वन्यजीवखात्याचा माणूस त्या जागेत शिरला, आणि आजवर सैन्य, कंपनी व राज्य या तिघांत चाललेल्या वादात एक चौथा पक्षकार आला. त्याला बोलता येत नव्हते, एवढेच.

१९९२ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ठरविले की स्वच्छता पुरी झाल्यावर ही जमीन वन्यजीवांसाठी राखून ठेवावी. त्या कायद्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग त्यातील निषेधांचा आहे. या जमिनीवर कोणी घरे बांधू नयेत. कारखाने काढू नयेत. शेती करू नये. येथील भूजल पिण्यास वापरू नये. येथील शिकार वा मासा खाण्यासाठी नेऊ नये. जमीन सुंदर आहे असे म्हणून कायदा थांबला नाही. ती आजारी आहे हेही त्याने लिहून ठेवले. पुष्कळ देशांत पहिली गोष्ट फलकावर लिहितात आणि दुसरी फायलीत पुरतात.

स्वच्छतेचे काम २०१० पर्यंत चालले. त्याला दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च आला. इमारती पाडल्या गेल्या, विषारी माती खणून अस्तराच्या खड्ड्यांत पुरली, वर मातीची जाड आवरणे घालून त्यांवर मूळचे गवत लावले. त्या आवरणांखाली उंदरा-खारींनी बिळे करू नयेत याचीही तजवीज करावी लागली, कारण अभयारण्य झाले तरी प्रत्येक प्राण्याला प्रत्येक ठिकाणी अभय देता येत नाही. काम चालू असतानाच २००० साली भंगाराच्या ढिगात द्राक्षफळाएवढा एक गोळा सापडला. तो सारिन भरलेला बाँब होता. शोध घेता आणखीही सापडले. पाहुण्यांच्या सहली काही काळ बंद ठेवाव्या लागल्या.

आज तेथे जाणारा प्रवासी फाटकाशी कोणतेही तिकीट न काढता आत जातो. प्रथम लागते ते माहितीघर. त्यात मस्टर्ड वायूची आणि कॉटनवुड लावणाऱ्या शेतकऱ्यांची हकीकत एकाच छताखाली मांडली आहे, ही चांगली गोष्ट होय. पुढे अकरा मैलांचा एक मोटाररस्ता माळातून फिरतो. बायसनांच्या कुरणात मोटारीतून उतरण्याची मनाई आहे. (आपल्याकडे गव्यालाच बायसन म्हणण्याचा प्रघात पडला आहे, हा प्राणी निराळा, खांद्यावर केसांचा डोंगर वागविणारा.) २००७ साली मोंटाना राज्यातून असे सोळा बायसन येथे आणून सोडले, त्यांचा कळप आता मोठा झाला आहे. २०१५ मध्ये काळ्या पायांचा फेरेट, मुंगसासारखा दिसणारा एक अत्यंत दुर्मीळ प्राणी, प्रेअरी डॉगच्या बिळांत सोडण्यात आला. तळ्यांवर गळ टाकण्यास परवानगी आहे, पण लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडावा लागतो. पश्चिमेकडे रॉकी पर्वताची निळी रांग, तिच्या पुढ्यात डेन्व्हरचे उंच मनोरे, आणि या दोहोंच्या अलीकडे चरणारा बायसन हे दृश्य छायाचित्रकारांना फार आवडते. मध्यभागी काही ठिकाणी गवताने आच्छादलेले, अकारण सपाट वाटणारे उंचवटे दिसतात. त्यांच्याभोवती कुंपण आहे. तेथे रस्ता जात नाही.

या व्यवस्थेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. माणसांना राहावयाचे असते तर जमीन खोलवर, सर्वत्र, शेवटच्या कणापर्यंत स्वच्छ करावी लागली असती. प्राण्यांसाठी तेवढे करावे लागत नाही. मग अभयारण्य ही स्वच्छतेचा खर्च वाचविण्याची सभ्य वाट तर नव्हे? त्याच राज्यातील रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्रांच्या जुन्या कारखान्याबाबत हा आक्षेप अधिक तीव्र आहे. तेथे प्लुटोनियमचे काम चाले, आणि प्लुटोनियमचे तेज निम्म्यावर यावयास चोवीस हजार वर्षे लागतात. ती जागाही २०१८ साली अभयारण्य म्हणून लोकांना खुली झाली. काही शाळांनी मात्र आपल्या मुलांच्या सहली तेथे नेण्यास नकार दिला. त्या शिक्षकांना भित्रे म्हणता येणार नाही. शस्त्रागाराच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तेथे कोणता निषेध का आहे हे उघडपणे सांगितले गेले, आणि विष खोदून काढण्याऐवजी नुसते कुंपण घालून बसले असते तर गरुडांनाही ते महागात पडले असते.

भारतात अशी पूर्ण कथा अद्याप घडलेली नाही. तिचे तुकडे मात्र जागोजागी आढळतात. राजस्थानातील पोखरण येथे तोफांच्या सरावाचा विस्तीर्ण मुलूख आहे. त्याच टापूत १९७४ व १९९८ साली अणुस्फोट झाले. आणि त्याच सरावक्षेत्रात माळढोक पक्ष्यांचा उरलासुरला थवा आसरा घेऊन आहे. वालचंदांच्या सोलापूरशेजारी नान्नज येथे याच माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. कागदावर ते आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठे होते, इतके की त्यात गावे, शेते, रस्ते सर्वच आले. पुढे त्याची हद्द बरीच आक्रसली, आणि पक्षी तर जवळजवळ दिसेनासाच झाला. एका ठिकाणी पक्ष्यासाठी कायदा केला, दुसरीकडे तोफांसाठी कुंपण घातले; पक्ष्याने कुंपण निवडले. यात दोष सोलापूरच्या शेतकऱ्याचा नाही. त्याला कोणी न विचारता त्याच्या शेताचे अभयारण्य केले होते, जसे डेन्व्हरच्या शेतकऱ्याला न विचारता त्याच्या घराचे शस्त्रागार केले गेले.

बंगळूरच्या पूर्वेस शंभर किलोमीटरांवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. १८८० पासून चाललेल्या या खाणी २००१ च्या फेब्रुवारीअखेर बंद पडल्या. तीन किलोमीटरांहून खोल गेलेले बोगदे बंद आहेत, आणि वर, सोने काढल्यावर उरलेल्या, सायनाइडने धुतलेल्या मातीच्या पांढुरक्या टेकड्या उभ्या आहेत. वारा सुटला की ती माती वस्तीत येते. याच खाणीच्या मुलखात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या संरक्षणखात्याच्या कंपनीचा कारखाना आहे. या मोकळ्या माळावर काळविटांचे कळप चरतात. तेथे नवी उद्योगनगरी वसविण्याचा विचार पुढे आला आहे, आणि काम गेलेल्या खाणकामगारांच्या मुलांना रोजगार हवा, ही मागणी काळविटांच्या हक्काहून कमी वजनाची आहे असे कोण म्हणेल? पण टेकड्यांतील माती हा त्या दोघांचाही प्रश्न आहे.

खुद्द बंगळूरात दोन मोठे कारखाने अशाच अवस्थेत आले. ते युद्धसामग्रीचे नव्हते. बैयप्पनहळ्ळी येथील एन.जी.ई.एफ. हा विजेची यंत्रे बनविणारा कारखाना या शतकाच्या आरंभी बंद पडला. त्याच्या आवारात झाडी माजली, आणि तेथे वृक्षोद्यान करण्याची योजना सरकारने जाहीर केली. जलाहळ्ळीत एच.एम.टी. या घड्याळांच्या व यंत्रांच्या कारखान्याच्या ताब्यातील जमिनीवरून २०२४ पासून मोठा वाद चालू आहे; ती मूळची वनजमीन असून वनखात्याकडे परत यावी, असे राज्याचे म्हणणे. दोन्ही ठिकाणी चर्चा चालते ती झाडे किती, एकर किती आणि एकराचा भाव किती, याचीच. विसाव्या शतकाच्या मध्यास जगभर विजेच्या ट्रान्सफॉर्मरांत जी तेले वापरीत, त्यांतील काही आज विषारी म्हणून वर्ज्य ठरली आहेत. तेव्हा अशा जुन्या आवारात बाके आणि कारंजी बसविण्यापूर्वी खालची माती व विहिरीचे पाणी तपासून त्याचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवणे, हे उद्यानखात्याचे पहिले काम ठरते. हे काम खर्चाचे आहे आणि त्याचा उद्‌घाटन-समारंभ करता येत नाही, म्हणून ते मागे पडण्याचा संभव अधिक. भोपाळच्या कारखान्यातील १९८४ च्या रात्रीनंतर तेथे पडून राहिलेले ३३७ टन विषारी द्रव्य हलविण्यास २०२५ साल उजाडले. ते पिथमपूरला नेऊन जाळण्यात आले. जमिनीत मुरलेल्या विषाचा प्रश्न त्याने मिटला नाही.

डेन्व्हरच्या अभयारण्यातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला उत्तरेच्या सीमेवर काही साध्या, बैठ्या इमारती दिसतात. त्यांत पाहण्यासारखे काहीच नसते. जमिनीखालून शहराकडे सरकणारे पाणी तेथे वर उपसून घेतात, कोळशाच्या थरांतून गाळतात आणि पुन्हा जमिनीत सोडतात. हे काम सैन्याकडेच राहिले आहे. पुरलेल्या मातीची जमीनही सैन्याच्याच नावावर आहे. ठरलेल्या विहिरींतून पाण्याचे नमुने घेतले जातात आणि दर पाच वर्षांनी सर्व व्यवस्थेचा जाहीर आढावा होतो. स्वच्छतेचे काम पुरे झाले अशी घोषणा २०१० सालीच झाली. विहिरींचे नमुने घेण्याचे काम मात्र कोणत्या वर्षी संपवावयाचे, ते कोठेही लिहिलेले नाही.